श्वास आत जाताना नाही, बाहेर पडताना अडकतोय

एका ताईंनी वडिलांबद्दल विचारलंय, ते आधी थोडक्यात सांगते. वडील ६८ वर्षांचे, लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. तरुणपणी गिरणीत कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते, १९८२ च्या संपानंतर वॉचमनची नोकरी केली. बिडी चाळीसेक वर्षं ओढली आणि दोन वर्षांपूर्वी सोडली. आता फुंकायच्या टेस्टमध्ये सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार निघालाय, रिपोर्टवर एफईव्ही-वन ४२ टक्के लिहिलंय, बोटाला लावायच्या मशीनवर बसल्या जागी ऑक्सिजन ९३-९४ दिसतो. डॉक्टरांनी दोन पंप दिलेत पण बाबा फक्त निळा घेतात आणि तोही अगदी जीव घाबरा झाला तरच, कारण "पंपाची सवय लागते". गेल्या पावसाळ्यात एकदा अ‍ॅडमिट करावं लागलं, तेव्हापासून खाली उतरणंच बंद. ताईंचं विचारणं असं की फुफ्फुस ४२ टक्केच उरलंय का, घरी ऑक्सिजनचं मशीन घेऊन ठेवावं का, आणि बाबांना आराम द्यायचा की चालायला लावायचं, कारण शेजारी आराम सांगतात आणि डॉक्टर चालायला सांगतात.

मी छातीची फिजिओथेरपिस्ट आहे, परळ-लालबाग-शिवडी याच भागात बावीस वर्षं हेच काम करतेय, त्यामुळे तुमच्या बाबांसारखे खूप काका आणि मावश्या बघितल्यात. औषध कोणतं आणि किती हे तुमचे छातीचे डॉक्टरच ठरवणार, त्यात मी हात घालत नाही. पण या आजारासोबत रोज जगायचं कसं ते सांगू शकते.

ताई, आधी स्वतः एक करून बघा. छाती भरून श्वास घ्या. आता त्यातला अगदी थोडासाच सोडा आणि लगेच वरून परत घ्या, परत थोडाच सोडा, परत घ्या, असं चार-पाच वेळा. काय होतं बघा, छाती टम्म फुगते, खांदे वर चढतात, मानेच्या शिरा ताणतात आणि आत हवा भरलेली असूनही वाटतं की श्वासच मिळत नाहीये. (त्याहून जास्त करू नका, चक्कर येईल.) जिना चढताना तुमच्या बाबांचं नेमकं हेच होतं. त्यांना वाटतं हवा कमी पडतेय म्हणून ते अजून जोरात आत ओढतात, आणि आधीची शिळी हवा बाहेर पडलेली नसते तर नवीन येणार कुठे. हे एकदा घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलं ना की पंप, चालणं, जिना, ऑक्सिजन सगळ्याचा अर्थ लागतो.

ही हवा अडकते का? आपल्या फुफ्फुसात बारीक बारीक फुगे असतात, कोट्यवधी, आणि त्यांच्या भिंती रबरासारख्या असतात, ताणल्या की परत आकसतात. ते आकसणं म्हणजेच श्वास सोडणं, त्याला एरवी जोर लावावा लागत नाही. वर्षानुवर्षं धूर गेला की या भिंती फाटतात, चार छोट्या फुग्यांचा मिळून एक मोठा ढिला फुगा होतो, जुन्या चड्डीचं इलॅस्टिक जातं तसं. याच भिंती बाजूच्या बारीक नळ्यांना चहूबाजूंनी धरून उघड्या ठेवत असतात, त्या फाटल्या की श्वास सोडताना नळ्या मिटतात. त्यात नळ्या आतून सुजलेल्या आणि कफाने भरलेल्या. कोणाला कफाचा त्रास जास्त असतो, कोणाला फुगे फाटल्याचा, बहुतेकांना दोन्ही थोडं थोडं. आणि छाती अशी कायम फुगलेली राहिली की खालचा श्वासाचा पडदा चपटा होतो, त्याला हलायला जागाच राहत नाही, मग मानेचे आणि खांद्याचे स्नायू ते काम करतात आणि माणूस नुसतं बसूनही थकतो.

आता ते ४२ टक्के. याचा अर्थ ५८ टक्के फुफ्फुस मेलं असा अजिबात नाही, हे बाबांना आजच सांगा, कारण हा आकडा ऐकून माणसं मनातून खचतात. त्या टेस्टमध्ये पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकायला लावतात आणि पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर आली ते मोजतात. बाबांच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी माणसाची जेवढी यायला हवी त्याच्या ४२ टक्के आली, एवढाच अर्थ. म्हणजे ही सुद्धा बाहेर पडण्याचीच मोजणी आहे. ३० ते ४९ मध्ये आकडा आला की नळ्यांचा अडथळा तीव्र म्हणतात, ते खरंय, लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण याच आकड्याचा एक माणूस घरात पलंगावर पडून असतो आणि दुसरा रोज सकाळी भाजी घेऊन येतो, हे मी दर आठवड्याला बघते, आणि दोघांमधला फरक बऱ्याचदा पायातल्या ताकदीचा आणि पंप नीट घेण्याचा असतो.

हा दमा आहे का असंही बरेच जण विचारतात. दम्यात नळ्या आवळतात आणि औषधाने बऱ्याच मोकळ्या होतात, मधल्या काळात माणूस अगदी नॉर्मल असू शकतो. सीओपीडीत पंप दिल्यावरही अडथळा पूर्ण जात नाही, म्हणून टेस्ट पंप देऊन परत करतात. फाटलेले फुगे परत शिवता येत नाहीत, कोणी "मुळापासून बरा करतो" म्हणून पुडी देत असेल तर कृपा करून घेऊ नका, अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, त्याने चार दिवस छान वाटतं आणि मग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

बाबांच्या बाबतीत बिडी हे मोठं कारण, आणि बिडी सिगरेटपेक्षा सौम्य असते हा गैरसमज आहे, ती विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा जोरात ओढावी लागते. पण गिरणीतली वर्षंही यात धरा. कार्डिंगमध्ये कापसाची धूळ सगळ्यात जास्त, सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळायची असं जुने कामगार अजून सांगतात, आणि गिरण्या बंद झाल्या तरी त्या धुळीचा त्रास काहींच्या छातीत राहिला. बाबांना पूर्वी कधी टीबी झाला होता का हेही डॉक्टरांना सांगा, टीबीचे जंतू गेले तरी नळ्यांवर व्रण राहतात. बिडी सोडली हे त्यांनी स्वतःसाठी केलेलं सगळ्यात मोठं काम आहे, गेलेलं परत येत नाही पण पुढची झीज मंदावते, इतकं कोणतंच औषध करत नाही. त्यांना हे कोणी कौतुकाने सांगितलंय का? सांगा.

आता पंप. "सवय लागते" हे वाक्य मी रोज ऐकते. सवय लागत नाही, चष्म्याची लागते का? नंबर आहे म्हणून चष्मा, नळ्या अरुंद आहेत म्हणून पंप. आणि डोसचं गणित बाबांना कागदावर लिहून दाखवा: निळ्या पंपाच्या एका दाबात औषध १०० मायक्रोग्रॅम, त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. एका गोळीत चाळीस दाब! गोळी पोटातून रक्तात आणि मग सगळ्या अंगात फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते, पंपाचं औषध जिथे हवं तिथेच बरंचसं पडतं. निळा पंप हा तातडीचा, त्याचा असर चार-सहा तास. दुसरा जो बाबा घेतच नाहीत तोच खरा रोजचा, तो बारा किंवा चोवीस तास नळ्या उघड्या ठेवतो आणि पुढचा धापेचा अ‍ॅटॅक येण्याची शक्यता कमी करतो. त्रास नसतानाही घ्यायचा, विसरायचा नाही. त्यात स्टिरॉइड असेल तर नंतर चूळ भरून गुळणी करून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

आणि घेतात कसा ते स्वतः समोर बसून बघा. माझ्याकडे एक काका यायचे, महिना झाला काहीच फरक नाही म्हणून वैतागलेले, म्हटलं माझ्यासमोर घ्या. त्यांनी मशीनमध्ये घालून तोंडाने ओढायची कॅप्सूल काढली, तोंडात टाकली आणि पाण्याबरोबर गिळली. महिनाभर तेच. त्यांची काहीच चूक नव्हती, दुकानातून कॅप्सूल मिळाली, कॅप्सूल गिळतात एवढंच त्यांना माहीत. दुसऱ्या एका मावशी पंप दाबायच्या आणि त्याच वेळी श्वास सोडायच्या, नाकातोंडातून पांढरा धूर बाहेर दिसायचा, म्हणजे औषध सगळं हवेत. बाबांनी पंप आधी हलवायचा, मग श्वास पूर्ण सोडायचा, पुन्हा सांगते, आधी सोडायचा, मग ओठ घट्ट लावून हळू आत घ्यायला सुरुवात करायची आणि तेव्हा दाबायचं, छाती भरेपर्यंत हळूहळू घेत राहायचं आणि दहा सेकंद धरून ठेवायचं. दुसरा दाब हवा असेल तर थोडं थांबून. हाताचा आणि श्वासाचा मेळ बसत नसेल तर स्पेसर आणा, तो पंपाला जोडायचा प्लास्टिकचा डबा, पंपाचं निम्मं टेन्शन जातं. कॅप्सूलवालं मशीन असेल तर उलट, ते जोरात आणि खोल ओढावं लागतं. दोन्ही घरात असतील तर दोन्हींची पद्धत वेगवेगळी आहे हे लक्षात ठेवा, गोंधळ इथेच होतो.

जिना. बाबांची खरी भीती जिन्याची आहे, ती तिथेच जाऊन घालवावी लागते, दवाखान्यात बसून जात नाही. आधी घरात बसून ओठांची फुंकर शिकवा. नाकाने हळू श्वास, मनात एक-दोन, मग गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून सोडायचा, एक-दोन-तीन-चार. जोर नको, मेणबत्तीची ज्योत हलेल पण विझणार नाही इतपत. ओठ आवळल्यामुळे आतल्या नळ्यांमध्ये थोडा दाब राहतो आणि त्या मिटत नाहीत, अडकलेली हवा निघते. दिवसातून तीन-चारदा पाच मिनिटं, धाप नसतानाच, म्हणजे धाप लागेल तेव्हा ते आपोआप होईल.

मग जिना. पहिल्या दिवशी फक्त एक मजला उतरून परत चढा, तुम्ही एक पायरी खाली उभ्या राहा, खुर्ची वर लॅंडिंगला ठेवा. जिना चढायच्या आधी कठडा धरून उभं राहायचं, नाकाने श्वास घ्यायचा, पाय उचलताना फुंकर सुरू, फुंकर चालू असताना दोन पायऱ्या, थांबा, उभ्याने श्वास घ्या, परत फुंकर आणि दोन पायऱ्या. श्वास रोखून भराभर चढून टाकायचं आणि वर जाऊन धापा टाकायच्या ही पुरुषांची हमखास खोड, बाबाही करत असतील. मध्येच दम लागला तर कठड्यावर दोन्ही हात टेकून किंचित पुढे वाकायचं, खांदे सैल सोडायचे, फुंकर घालत राहायचं, बोलायचं नाही, आणि तुम्हीही "काय होतंय, काय होतंय" विचारायचं नाही, पाठीवर हात ठेवून नुसतं उभं राहायचं. दोन-तीन मिनिटांत उतरतं. ते एकदा आपोआप उतरलेलं बाबांनी अनुभवलं ना की निम्मी भीती तिथेच जाते. मी एका आजोबांना चौथ्या मजल्यावरून असं उतरवलं होतं, पहिल्या दिवशी अकरा पायऱ्या, सातव्या आठवड्यात ते खाली चहाच्या टपरीवर मित्रांमध्ये बसले होते, फुंकायच्या टेस्टचा आकडा तोच होता.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: चालायला लावायचं, डॉक्टर बरोबर सांगतायत. शेजाऱ्यांची काळजी खरी आहे पण सल्ला चुकीचा. दम लागतो म्हणून माणूस बसतो, बसला की मांड्या बारीक होतात, कमकुवत स्नायूला त्याच कामासाठी जास्त ऑक्सिजन लागतो, मग अजून कमी हालचालीत दम लागतो, मग अजून बसतो. हे चक्र पायाकडून तोडता येतं. सुरुवात गॅलरीतून करा, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, दर तीन-चार दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवत वीस-तीस मिनिटांवर आणा. वेग असा की दम लागेल पण तुटक का होईना बोलता येईल, दमाला शून्य ते दहामध्ये मार्क दिले तर चार-पाच इतपत. दम लागला म्हणजे नुकसान होतंय असं नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, ऑक्सिजन ८८ च्या खाली जायला लागला तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना सांगा. त्याशिवाय खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस दहा वेळा, आणि अर्धा लिटर पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन हात वर-खाली, कारण शर्ट घालणं, दोरीवर कपडे वाळत घालणं यात हात वर जातात आणि तेव्हाच यांना सगळ्यात जास्त धाप लागते. जमलं तर एखाद्या हॉस्पिटलच्या फिजिओ विभागात सहा ते आठ आठवड्यांचा पल्मनरी रिहॅबचा, म्हणजे फुफ्फुसाच्या पेशंटसाठीच्या व्यायामाचा कोर्स करा, अ‍ॅडमिट होऊन आल्यावर महिन्याभरात सुरू केला तर परत अ‍ॅडमिट व्हायची वेळ कमी येते. अंघोळ मोरीत स्टुलावर बसून, पाणी फार कढत नको, वाफेने कोंडल्यासारखं होतं, आणि टॉवेलने घासत बसण्यापेक्षा मोठा पंचा अंगावर गुंडाळून पलंगावर बसू दे.

ऑक्सिजनचं मशीन सध्या घेऊ नका. बाबांचा बसल्या जागी ९३-९४ आहे. घरी कायमचा ऑक्सिजन लागतो तो आजार स्थिर असताना, औषधं चालू असताना, बसल्या जागी ८८ किंवा त्याच्याही खाली राहतो त्यांना, आणि तो निर्णय रक्ताची टेस्ट बघून होतो. त्यांनी तो दिवसातून किमान १५ तास लावला तर आयुष्य वाढतं हे १९८० च्या सुमारासच सिद्ध झालंय. बाबांची धाप मुळात हवा अडकल्याची, मशीन ती हवा बाहेर काढत नाही. मशीन घरात आलं की माणूस नळी लावून पलंगावरच राहतो, तेही मी बघितलंय. शिवाय काही सीओपीडीच्या पेशंटना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ते गुंगीत जातात, म्हणून अ‍ॅटॅकमध्ये सुद्धा यांना ८८ ते ९२ च्या दरम्यानच ठेवतात. कोणी नातेवाईक येऊन घाबरून सिलेंडरचा काटा पूर्ण फिरवतात, तसं करू देऊ नका.

अ‍ॅटॅक ओळखायला शिका. नेहमीपेक्षा दम वाढला, कफ वाढला, कफाचा रंग पिवळा-हिरवा झाला, यातली दोन लक्षणं दिसली तर चार दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आत्ता बरे असतानाच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या, निळा पंप किती वेळा वाढवायचा, कोणत्या गोळ्या घरात ठेवायच्या, आणि तो कागद फ्रीजवर चिकटवा. एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर, नेहमीपेक्षा झोपाळलेले किंवा बरळतायत, तर १०८ ला फोन करा आणि खाली खुर्चीत बसवून उतरवा, चालवू नका. फ्लूची लस दरवर्षी, मुंबईत फ्लू पावसाळ्यात वाढतो म्हणून एप्रिल-मेमध्ये घेऊन टाकलेली बरी, न्यूमोनियाचीही विचारा. पावलं सुजायला लागली तर हृदयावर ताण येतोय का ते बघावं लागतं.

घरात कासवछाप-बिसवछाप कोणतीच कॉइल लावू नका. बंद खोलीत एक कॉइल जळून जेवढे बारीक कण सोडते तेवढे ७५ ते १३७ सिगरेटींमधून निघतात असं मोजलंय, म्हणजे बिडी सोडून काय उपयोग. मच्छरदाणी लावा. उदबत्ती-धूप देवाला लावायचाच असेल तर बाबा गॅलरीत असताना. तुमच्या भागात उन्हाळ्यात मसाला कुटायचे डंक सुरू होतात, त्या दिवसांत मिरचीचा खाट वर येतो तेव्हा त्या बाजूची खिडकी बंद, आणि चालायला दुसऱ्या गल्लीतून. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळची हवा मुंबईत खराब असते, धुरकट दिसलं तर उन्हं वर आल्यावर चाला. जेवण थोडं थोडं पाच वेळा, पोट टम्म भरलं की पडद्याला हलायला अजून कमी जागा राहते. वजन उतरत असेल तर अंडं, मासे, डाळ वाढवा, या आजारात बारीक होणं चांगलं नाही.

आणि ताई, तुम्ही सहज एक ओळ लिहिलीय की "आईलाही खोकला असतोच पण तिचं काही नाही". आईंनी गावाला चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला? इथे आल्यावर रॉकेलचा स्टो किती वर्षं? मशेरी भाजायच्या का? लग्नानंतर त्या दहा बाय बाराच्या खोलीत बाबांची बिडीही होतीच. आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या कितीतरी बायका माझ्याकडे बाबांच्याच आकड्यावर येतात, फक्त दहा वर्षं उशिरा, कारण दम लागला की त्या म्हणतात वय झालं, आणि घरातलेही तेच म्हणतात. पुढच्या वेळी बाबांना टेस्टला न्याल तेव्हा आईंचंही नाव लिहा. पंप चालू नसेल तर तयारी काही लागत नाही, फक्त पोटभर जेवून जायचं नाही आणि कपडे सैल. त्यांना सांगा की वाढदिवसाच्या केकवरच्या सगळ्या मेणबत्त्या एका दमात विझवायच्यात असं समजून फुंकायचं आणि टेक्निशियन थांबा म्हणेपर्यंत फुंकत राहायचं.